पोलादराव पडतो तेव्हाचा आवाज

प्रिय मुंगे,

आधी त्या आवाजाला खर्च काय आला ते सांगतो. बारा इंची पोलादी पट्टी एक, कडेला गंजलेली. तेलाचा रिकामा डबा एक. पट्टी डब्यावरून घसरू नये म्हणून सायकलच्या ट्यूबचा तुकडा. आणि माझे दोन तास. डब्याच्या काठावर पट्टी दाबून धरायची, बाहेरचं टोक खाली ओढून सोडायचं आणि ती थरथरत असतानाच पट्टी हळूहळू आत ओढायची, म्हणजे आवाज चढत जातो. टुंईंग. आपला पोलादराव उंचावरून आपटला की हाच आवाज यायचा आणि तो रबरासारखा उठून उभा राहायचा. गेली चौतीस वर्षं जो विचारेल त्याला मी हाच खर्च सांगत आलोय. तुलाही सांगितला होता, तू दुसरीत असताना. लगेच पट्टी मागून घेतलीस आणि माझ्या टेबलाची कड कायमची खरवडून ठेवलीस. सांगितलेलं खोटं नाही, अपुरं आहे. राहिलेलं आज लिहितोय. फोनवर सांगायला गेलो असतो तर तू मध्येच बोलली असतीस आणि मी लगेच विषय बदलला असता. आपल्या दोघांच्या खोडी मला ठाऊक आहेत.

तुझं पत्र मिळालं, सोबतचा सिनेमाही बघितला. टीव्हीवरच्या आमच्या जुन्या पोलादरावावर तू मोठ्या पडद्याचा सिनेमा करतेयस हे माझ्या न्हाव्यापासून दातांच्या डॉक्टरपर्यंत सगळ्यांना सांगून झालंय. डॉक्टरला तर त्याचे हात माझ्या तोंडात असताना सांगितलं. सिनेमा चांगला आहे. अंधार जरा जास्त आहे, मी दोनदा चष्मा पुसला आणि एकदा टीव्ही. तुझा नायक सव्वादोन तासांत एकदाही हसत नाही. पण चार ठिकाणी तू आमच्या मालिकेसारखा भडक, बिनधास्त विनोद ठेवलायस आणि पैसे लावणारे नेमके त्या चार जागांवर बोट ठेवून बसलेत. आजच्या लोकांना गंभीर वीर हवाय म्हणे, असल्या माकडचेष्टा केल्या की त्याचं हसं होतं म्हणे. तू विचारतेस, कानकाका, खरं सांगा, अंगाला घट्ट कपडे घालून छपरावरून उडी मारणाऱ्या माणसाच्या गोष्टीत असलं हसू चालतं का? आणि पत्राच्या शेवटी, सहज आठवल्यासारखं, दुसरं काही मागतेस. पोलादराव पाण्याच्या टाकीवरून पडतो तो जुना तुकडा, माझ्याकडच्या मूळ टेपवरच्या टुंईंगसकट. तो तुला सिनेमाच्या अगदी सुरुवातीला लावायचाय आणि त्यावर बाबांचं नाव घालायचंय, कारण बाबा त्या तुकड्याला दर वेळी हसायचे. शुक्रवारी तुझं आवाजाचं शेवटचं मिक्सिंग. टेप मी सोमवारीच कपाटातून काढली. आज बुधवार. ती टेबलावर आहे आणि ती तुला द्यावी की नाही हे ठरेना, म्हणून शेजारी बसून कागद काळे करतोय.

पहिल्या प्रश्नाला माझ्याकडे छातीठोक उत्तर आहे. चालतं. चालतं काय, धावतं. माझ्या टुंईंगवर न हसलेलं पोर अजून जन्माला यायचंय. हे वाक्य मी इतक्या व्यासपीठांवर टाकलंय की स्टुडिओतले लोक ते माझ्या आधी म्हणून मोकळे होतात. ना शिक्षण ना वशिला, रेडिओ दुरुस्त करून पोट भरणारा माणूस मी. गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढायच्या आत त्याच्या रेडिओची खरखर ऐकून कुठला पार्ट गेलाय ते सांगायचो. त्या कानांच्या जोरावर आज तीन मजल्यांचा स्टुडिओ उभा आहे, आणि त्याचा पाया कुठला म्हणशील तर तो एक आवाज.

पण असलं हसू चालतं कधी, हे मला तुझ्या बाबांनी शिकवलं. आमची मालिका म्हणजे पत्र्याची एक शेड, एक कॅमेरा, बावीस माणसं आणि सगळ्यांना दोन-दोन कामं. तुझे बाबा कपडेपट सांभाळायचे. दाराजवळ उजेडात त्यांचं पायमशीन, भिंतीला खिळ्यांवर आमच्या खलनायकाचे, डॉक्टर गंजाचे, तपकिरी अंगरखे, आणि मधोमध हँगरवर पोलादरावांची ती लाल झूल. सुपरहिरोच्या पाठीवर असते तसलीच, साटिनची, पण युनिटमध्ये तिला सगळे पदर म्हणायचे. पोलादराव, पदर सांभाळा, असं कुणी ओरडलं की हिरो चिडायचा. तो चांगला नट होता, पण या कामाची त्याला लाज वाटायची. पहिल्या तीन भागांत तो प्रत्येक डायलॉगनंतर कॅमेऱ्याकडे बघून बारीकसा डोळा मारायचा. म्हणजे काय, तर मंडळी, मी शहाणा आहे हं, पोटासाठी करतोय. तिन्ही भाग आपटले. तेव्हा तुझे बाबा त्याच्या खांद्यावर पदर बेतत होते, तोंडात टाचण्या, आणि टाचण्यांमधूनच म्हणाले, साहेब, ही चड्डी मी चार दिवस खपून शिवलीय. तुम्ही तिची लाज धरलीत तर लोक तुम्हाला हसतील. राजाने वस्त्रं घालावीत तशी घाला, मग लोक चड्डीला हसतील आणि राहतील तुमच्या बाजूने. हिरो म्हणाला, मास्तर, तुम्ही सुई सांभाळा. पण चौथ्या भागात डॉक्टर गंजाने गावातल्या सगळ्या कुलपांना गंज चढवला आणि पोलादराव छाती काढून, डोळ्यांत खरं पाणी आणून म्हणाला, डॉक्टर, वाकेन, पण मोडणार नाही! म्हण उलटी होती. लेखकाने मुद्दाम उलटवली की त्याला तशीच आठवली हे शेवटपर्यंत कळलं नाही. पुढच्या आठवड्यात ती शाळांच्या भिंतींवर खडूने लिहिलेली दिसायला लागली.

म्हणून तुझ्या चार जागांचं सांगतो. तीन ठिकाणी तुझा नट मनातून लाजतोय. दिसत नाही, ऐकू येतं. वाक्याच्या शेवटी तो हळूच श्वास सोडतो, सुटलो एकदाचा असा. त्या तीन जागा त्याच्याकडून पुन्हा बोलून घे. चौथी, जिथे तो पोलीस स्टेशनात जाऊन झूल हरवल्याची तक्रार लिहून देतो, ती सोन्यासारखी आहे. तिला हात लावू देऊ नकोस.

दुसरी गोष्ट माझ्या खात्यातली. पोर टीव्हीसमोर बसलेलं असतं. समोर माणूस उंचावरून पडतो आणि पोर आईचा हात पकडतं. त्याच क्षणाला टुंईंग वाजतं. तो आवाज म्हणजे एका मोठ्या माणसाने त्या पोराला दिलेला शब्द असतो की घाबरू नको, याला लागलेलं नाही. पोर हसतं ते सुटकेने हसतं. तुमच्या गंभीर सिनेमात उलटं चालतं. तुझ्या नायकाचा हात मोडतो तिथला आवाज ओल्या फडक्यात गुंडाळून मोडलेल्या काटकीचा आहे आणि त्याच्याखाली कोबीचा गड्डा पिळलाय. काम झकास आहे, करणाऱ्याला माझा नमस्कार सांग. फक्त खरं हाड असा गाजावाजा करत नाही. आवाज छोटा असतो, कोरडा, पेन्सिल मोडल्याएवढा. मग क्षणभर काहीच ऐकू येत नाही, कारण माणूस श्वास घ्यायचा विसरतो. तुझा नट तर तो हात मोडल्यावर गादीवरून उठून चहा प्यायला गेला असेल. तुमच्याकडे धडधाकट माणसावर हाड मोडल्याचा आवाज लावतात. आमच्याकडे काय झालं होतं, ते सांगायची हिंमत मी चार पानं गोळा करतोय.

टाकीवरून पडतो तो आमचा हिरो नाही, मुंगे. ते तुझे बाबा आहेत.

हिरोची आणि त्यांची मापं जुळायची. छाती, खांदे, उंची, सगळं. हिरोचा वेळ जाऊ नये म्हणून ते प्रत्येक कपडा आधी स्वतःच्या अंगावर घालून बघायचे. एकदा सहाव्या भागात हिरोने भिंतीवरून उडी मारायला नकार दिला तेव्हा बाबा नेमके त्याच पोशाखात उभे होते. दिग्दर्शकाने वर पाहिलं, खाली पाहिलं, म्हणाला, मास्तर, तुम्हीच मारता का? मारली. त्या दिवसापासून पोलादरावाचं तोंड हिरोचं आणि पाठ तुझ्या बाबांची. बाहेर कुणाला हे सांगायचं नव्हतं, कारण निर्मात्याने सगळीकडे छापून आणलं होतं की आमचा हिरो सगळ्या उड्या स्वतः मारतो. बाबांना त्याचं काही वाटत नव्हतं. उलट मजा वाटायची. घरी तू त्यांच्याच मांडीवर बसून पोलादराव बघायचीस आणि विचारायचीस, बाबा, तुम्हाला येते का हो अशी उडी? ते म्हणायचे, छे गं बाई, मला जिना उतरताना धाप लागते.

उडीसाठी त्यांनी स्वतःचा एक नियम केला होता. हिरोच्या अंगावर पदर शिवलेला चालेल, पण उडीच्या वेळी तो टिचबटणांवर हवा. कुठे अडकला तर खटकन सुटून मागे राहील आणि माणूस सरळ खाली जाईल. पदर आमच्याकडे एकच होता, म्हणून उडीच्या आधी ते शिवण उसवायचे आणि बटणं लावायचे. पाच मिनिटांचं काम. त्या दिवशी सकाळी हिरोचा पदर दोनदा गळून पडला, सगळे हसले, हिरो रुसून बसला. तेव्हा बाबांनी मानेपाशी दुहेरी शिवण मारून दिली. माझी शिवण उसवत नाही, असं ते नेहमी म्हणायचे आणि ते खरं होतं. दुपारी टाकीवरच्या उडीची वेळ आली. शेडच्या मागे लोखंडी शिडीची टाकी, दीड मजला उंच. खाली डॉक्टर गंजाची हातगाडी आणि तिच्याआड रिकाम्या खोक्यांचा ढीग, त्यावर दोन गाद्या. बाबांनी कात्री घेतली, मानेला हात लावला, आणि वेळ नव्हता म्हणून कात्री परत खिशात ठेवली. ते तसेच वर चढले.

पदर शिडीच्या बोल्टात अडकला. बाबा हवेत एक क्षण मानेने लटकले, गरकन फिरले, मग कापड फाटलं. शिवण नाही फाटली, मुंगे. कापड फाटलं. ते खोक्यांवर पडायचे ते गाडीच्या कडेवर पाठीने पडले. माझ्या कानांवर हेडफोन होते. पदराची फडफड, बोल्टाचा टणत्कार, साटिन फाटल्याचा लांब आवाज, आणि मग तो छोटा, कोरडा. बाकीचे अजून टाळ्या वाजवत होते. काय झालं ते त्या आवारात सगळ्यात आधी मला कळलं, दोन सेकंद आधी. कमरेतले दोन मणके.

पुढचं सांगायला लाज वाटते, पण अर्धवट सांगितलं तर या पत्राला अर्थ नाही. भाग चार दिवसांनी दाखवायचा होता. पदर फाटलेला, उडी मारणारा माणूस इस्पितळात, पुन्हा शूट करायला काही उरलेलं नाही. एडिटिंगच्या खोलीत आम्ही चौघांनी तो तुकडा आवाजाशिवाय लावला. दिग्दर्शकाने तोंड फिरवलं. एडिटर उठून बाहेर जाऊन आला. पडताना बाबांचे पाय ज्या तऱ्हेने वर उडतात, ते कुठल्या नटाला करता येणार नाही. निर्माता म्हणाला, हे दाखवता येणार नाही. आणि मी म्हणालो, मला दोन तास द्या. माझं मलाच कळलं नाही मी का म्हणालो. कदाचित माझ्याकडे करायला तेवढंच होतं म्हणून. डबा घेतला, पट्टी घेतली. मूळ आवाज काढून टाकला, पाय वर उडतात तिथे टुंईंग बसवलं, आणि लगेच पुढे हिरोचा सकाळीच घेतलेला, उठून पदर झटकणारा, वाकेन पण मोडणार नाहीवाला शॉट जोडला. पुन्हा लावलं. एडिटर हसला. खळखळून हसला, आणि मग दोन्ही हातांनी तोंड झाकून बसून राहिला. त्या दिवशी मला कळलं की असलं हसू किती चालतं. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही असं म्हणतात. चूक आहे. न लागल्याचं सोंगही आणता येतं, आणि ते दुसऱ्याच्या वतीने आणता येतं.

इस्पितळात निर्माता कागद घेऊन गेला, सोबत साक्षीदार म्हणून मी. कागदावर लिहिलं होतं की स्कूटर घसरून अपघात झाला. बदल्यात उपचाराचा खर्च, आणि मालिका चालू. खरं बाहेर आलं असतं तर मालिका बंद पडली असती आणि एकवीस घरांच्या चुली विझल्या असत्या, हे निर्मात्याने तीनदा सांगितलं. बाबांनी ते एकदाही नीट ऐकलं असेल असं मला वाटत नाही. त्यांनी मला जवळ बोलावलं. म्हणाले, तिला सांगू नका. तिला वाटतं तो पडतो आणि उठतो. वाटू दे. मग सही केली. खाली माझीही आहे. तू चौथीपर्यंत काठी टेकत येणाऱ्या बाबांच्या पुढे चालायचीस आणि रस्त्यातल्या प्रत्येक स्कूटरकडे डोळे वटारून बघायचीस. कॉलेजला दीड तास चालत गेलीस पण मैत्रिणीच्या मागे बसली नाहीस. लग्नाआधी नवऱ्याला त्याची गाडी विकायला लावलीस. आम्ही गप्प राहिलो. तुझ्या बाबांना स्कूटर चालवता येत नव्हती, मुंगे. ते आयुष्यात कधी स्कूटरवर बसले नव्हते.

तुझ्या आईला सगळं माहीत होतं. दोन वर्षं ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. मी आलो की ती आत जायची आणि तू विचारायचीस, आई, काकांना चहा नाही का? पायमशीन गेलं, बाबा हाताने काजं-बटणं करत बसले. माझा स्टुडिओ झाल्यावर मी त्यांना खालच्या मजल्यावर खुर्ची दिली, टेपांची नोंद ठेवायला. लोक म्हणायचे, बघा, मित्राला विसरला नाही. मी ऐकून घ्यायचो. ऐकून घेणं हा माझा धंदाच आहे.

आणि त्यांचं ते हसणं. तू लिहितेस की तो तुकडा लागला की बाबा दर वेळी हसायचे. बरोबर. मी शेजारी बसून शंभर वेळा ऐकलंय. तुला पटायला पुरावा हवा असेल तर तुझ्या बारशापासून सगळं रेकॉर्ड करून ठेवणाऱ्या तुझ्या मामाकडे घरातली जुनी कॅसेट असेल, ती लावून बघ. बाकी सगळे टुंईंग वाजल्यावर हसतात. तुझे बाबा अर्धा सेकंद आधी हसायला लागतात, मोठ्याने. टेपवरून मी जे पुसून टाकलं होतं ते त्यांच्या डोक्यातून पुसलं गेलं नव्हतं, आणि ते ऐकू येऊ नये म्हणून ते स्वतःच आधी आवाज करायचे. तू जवळ असायचीस ना.

आता हे का लिहिलं. बाबा होते तोवर तोंड उघडायचं नाही असं मी त्यांना कबूल केलं होतं. ते जाऊन चार महिने झाले. तुझं पत्र आलं नसतं तर झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून मी ती तशीच घेऊन गेलो असतो. पण शुक्रवारी तू हजारो लोकांना हसवायला तुझ्या बापाचा मणका मोडतानाचा क्षण लावणार आहेस आणि त्यावर त्याचं नाव घालणार आहेस, आणि हे तुला न सांगता टेप हातात देणं मला जमलं नाही. उद्या माझा माणूस दोन टेपा घेऊन येईल. एकीवर टुंईंग आहे. दुसरीवर त्या दुपारचा मूळ आवाज आहे. टुंईंग बसवायच्या आधी मी त्याची प्रत काढून ठेवली होती, कशासाठी ते विचारू नकोस. दुसरी ऐकलीस तर सुरुवातीला, बाबा शिडी चढायच्या आधी, एक माणूस बोलताना ऐकू येईल. शेजारी डबे ठोकण्याचा कारखाना होता, तो फक्त जेवणाच्या सुट्टीत अर्धा तास बंद असायचा, आणि त्या माणसाला पदराची फडफड अगदी स्वच्छ हवी होती. बाबा म्हणतात, पाच मिनिटं द्या, एवढं उसवतो. तो माणूस म्हणतो, मास्तर, आता भोंगा होईल, चढा चढा, तुमची शिवण कुठे उसवते? मग बाबा हसतात. तो आवाज माझा आहे. सिनेमातलं हसू काढू नकोस, तुझ्या बाबांना ते कळायचं आणि तुलाही कळतं. फक्त कुणाच्या पडण्यावर ते लावायच्या आधी तो माणूस उठलाय ना ते बघत जा. टाकीचा तुकडा लावायचा की नाही, बाबांचं नाव कशावर घालायचं, माझ्याशी यापुढे बोलायचं की आईसारखं आत निघून जायचं, हे तुझं तू ठरव. मी फोन करणार नाही. व्यासपीठांवरच्या माझ्या त्या वाक्यात एक दुरुस्ती मात्र राहिली. तो भाग पहिल्यांदा लागला तेव्हा बाबा इस्पितळात होते, आई त्यांच्याजवळ होती आणि तू माझ्या खोलीवर, माझ्या मांडीत. आजूबाजूची पोरंही आली होती, त्या आळीत टीव्ही माझ्याकडेच होता. मी टीव्ही बघत नव्हतो, पोरांना ऐकत होतो. टुंईंग वाजलं आणि खोली फुटली. माझ्या मांडीवरचं तुझं पोट हललं नाही. तुला धरून नऊ पोरं होती. आठ हसली.

तुझाच, तू ठेवशील तोवर,
कानकाका